वस्तुत्यागाचे व्रत आणि वैद्याचा सल्ला

घरात फ्रीज न ठेवणारी, मायक्रोवेव्ह न घेणारी, ॲल्युमिनियमची भांडी मोडीत काढणारी कुटुंबे आज शहरांतूनही आढळतात. ऐपत असूनही ही मंडळी विचारपूर्वक या वस्तूंविना राहतात. त्यांपैकी कित्येकजण आपल्या निर्णयाचा आधार म्हणून आयुर्वेदाकडे बोट दाखवितात आणि त्यावर वैद्याने संमतीची मोहोर उमटवावी, अशा अपेक्षेने चिकित्सालयात येतात. अशा वेळी आपण काय सांगावे, याचा विचार व्यावसायिक म्हणून आपण एकत्रितपणे केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे मान्य करावयास हवे की, संग्रहाविषयीची ही सावधगिरी आपल्या शास्त्राला परकी नाही. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात चरकाने ऱ्हासाची जी साखळी वर्णिली आहे, ती अतिसेवनापासून सुरू होते. अतिसेवनाने शरीरास जडत्व, जडत्वाने श्रम, श्रमाने आळस, आळसाने संचय, संचयातून परिग्रह आणि परिग्रहातून लोभ, असा तो क्रम आहे. कमी वस्तूंत राहण्याचा निश्चय करणाऱ्या कुटुंबाची थट्टा करण्याचे त्यामुळे आपणांस कारण नाही.

तथापि याच चरकाने सूत्रस्थानात प्राणैषणेच्या पाठोपाठ धनैषणा सांगितली असून, साधनांविना दीर्घायुष्य कंठण्यासारखे दुसरे पाप नाही, असा अभिप्राय दिला आहे. उपकल्पनीय अध्यायात तर शोधनापूर्वी जमवावयाच्या गोष्टींची यादी वारा न लागणाऱ्या मजबूत घरापासून उखळ-मुसळापर्यंत आणि दुभत्या गायीपर्यंत जाते. सर्वांपाशी सर्व साधने नसतात, दारुण रोग मात्र दरिद्री माणसालाही गाठतात, हे भानही तेथेच प्रकट झाले आहे. तेव्हा वस्तू असणे वा नसणे यात आपल्या शास्त्राने पुण्य-पाप मोजलेले नाही. ती कशासाठी आहे आणि तिच्यावाचून कोणाचे काय अडते, हे पाहावयास शिकविले आहे.

फ्रीजचेच उदाहरण घेऊ. अन्न उष्ण, स्निग्ध व मात्रेत असावे आणि पूर्वीचे पचल्यावर सेवन करावे, असा चरकाचा आहारविधी आहे. पुन्हा तापविलेले अन्न वाग्भटाने त्याज्य ठरविले आहे. या उपदेशाचा रोख शिजविणे आणि जेवणे यांमधील अंतरावर आहे. रविवारी आठवड्याच्या भाज्या शिजवून डब्यांत भरणारे घर त्याच्या विरुद्ध जाते. दूध, विरजण आणि निवडलेली पालेभाजी तेवढी फ्रीजमध्ये ठेवून दोन्ही वेळा ताजा स्वयंपाक करणारे घर जात नाही. उलटपक्षी, ज्या घरात फ्रीज नाही, पण सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहतो व गरम करून वाढला जातो, तेथे अपथ्य तर होतेच, शिवाय जंतूंच्या वाढीस मोकळीक मिळते. भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा उकळल्यानेही नाहीसे होत नाही. वस्तू गेली म्हणजे अपथ्यही गेले, असा हिशेब मांडता येत नाही.

दुसरा मुद्दा कष्टांचा आहे. दोन्ही वेळा नव्याने शिजविणे, उन्हाळ्यात दूध वारंवार तापविणे, रोज मंडई गाठणे, हे सर्व कोण करते? पुष्कळ घरांत व्रत घेणारा एक असतो आणि ते निभावणारी दुसरी असते. यंत्रांचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्र अपवाद म्हणून मान्य केले होते. आपल्या पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून सिंगर यांनी प्रेमापोटी ते यंत्र घडविले, असे ते म्हणत. यंत्र असावे की नसावे, याचा निर्णय करताना राबणाऱ्या हातांकडे पाहण्याची ही दृष्टी आपण उचलण्याजोगी आहे. गुडघेदुखी व निद्रानाश घेऊन आलेल्या गृहिणीला औषध देताना तिच्या घरातील व्रताचा भार तिच्या अंगावर किती पडतो, हे विचारणे हा निदानाचाच भाग होय.

तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. मधुमेहाचे जे रुग्ण इन्सुलिन घेतात, त्यांच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, परंतु गोठू न देता ठेवाव्या लागतात. वापरात असलेली कुपी सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथे हे औषध उघड्या फडताळात निकामी होऊ शकते, आणि ते डोळ्यांना नेहमीच कळत नाही. अशा घराला ‘फ्रीज काढून टाका’ असा सरसकट सल्ला देणे म्हणजे रुग्णाच्या प्राणाशी खेळ होय. कुटुंबाचा निश्चय पक्का असेल, तर साठा औषध दुकानात ठेवून एकेक कुपी आणणे आणि वापरातील कुपी जलरोधक पिशवीत घालून पाण्याने गार राहणाऱ्या मातीच्या मडक्यात ठेवणे, असा मार्ग मूळ चिकित्सकाशी बोलून काढता येतो.

भांड्यांच्या बाबतीतही पर्यायाचा विचार त्यागाआधी झाला पाहिजे. ॲल्युमिनियम सोडून पितळ घेतले आणि कल्हई केलीच नाही, तर त्यात ठेवलेले ताक, आमसुलाचे सार वा चिंचेची आमटी कळकते व अपाय करते. आज कल्हईवाला दारावर क्वचितच येतो. काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप वाग्भटाने विरुद्ध मानले आहे. जुने भांडे म्हणजे निर्दोष भांडे, असे जुन्यांनीही कधी म्हटलेले नाही.

येथे औषधविक्रेत्या बंधूंना दोन शब्द सांगावेसे वाटतात. फ्रीजवर टीका करणारे पत्रक गल्ल्यावर ठेवावयाचे आणि त्याशेजारी तांब्याचे जार, मातीच्या बाटल्या, काशाच्या वाट्या मांडावयाच्या, हा व्यवहार काही दुकानांतून वाढला आहे. या वस्तू विकण्यास कोणाची हरकत नसावी. परंतु एक वस्तू सोडविण्याच्या निमित्ताने दहा वस्तू घरात शिरविल्या, तर चरकाची ती साखळी आपल्याच गल्ल्यापासून सुरू होईल. त्यापेक्षा आसवारिष्टांना फ्रीज लागत नाही, अवलेहात ओला चमचा घालू नये, चूर्णाचा डबा कोरड्या जागी घट्ट बंद असावा, एवढे सांगितले तरी ग्राहकाचे खरे हित होईल.

आमची सूचना साधी आहे. अशा कुटुंबाशी बोलताना प्रत्येक वैद्याने तीन गोष्टी विचाराव्यात आणि रुग्णपत्रकावर नोंदवाव्यात. या त्यागाचे काम घरात कोणाच्या वाट्याला येते? सोडलेल्या वस्तूच्या जागी काय आले? घरात थंड ठेवावे लागणारे औषध, तान्हे मूल वा वृद्ध आहे काय? उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या निश्चयाला मनापासून पाठबळ द्यावे. नसतील, तर शास्त्राचा आधार नाही, हे सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगावे. व्रत घेण्याचा अधिकार प्रत्येक घराचा आहे. त्यावर आयुर्वेदाचे नाव घालावयाचे की नाही, याचा निर्णय मात्र आपल्याकडे आहे, आणि तो आपण जबाबदारीने केला पाहिजे.