दोन तास दार बंद

मागच्या बैठकीत खर्चाच्या यादीत एक ओळ होती : 'जुने स्विच दोन, जुना राउटर एक.' त्यावरून बरीच तापातापी झाली. "शिलाई मशीन वाटणाऱ्या संस्थांना आपण वर्षानुवर्षे नावे ठेवली. आता मशीनच्या जागी राउटर आणून ठेवायचा आणि त्याला सक्षमीकरण म्हणायचे का?" असे एका जुन्या कार्यकर्तीने विचारले. प्रश्न टोचणारा होता, पण रास्त होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ज्या मैत्रिणींना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेले वर्षभर दर शनिवारी दुपारी आपल्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत पाच जणी सीसीएनएचा अभ्यास करतात. सीसीएनए ही सिस्को या अमेरिकन कंपनीची परीक्षा. संगणकांची जाळी उभारणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या लोकांसाठीची ही पहिली पायरी. बँकेतला संगणक मुख्य शाखेशी बोलतो, इस्पितळातला रिपोर्ट खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जातो, तो कुठल्या तरी स्विचमधून आणि राउटरमधूनच. तो बंद पडला की शोधाशोध करणारा जो माणूस लागतो (सहसा माणूसच, बाई नाही), त्याच्या हातात हे प्रमाणपत्र असते. परीक्षा १९९८ पासून आहे. तिच्या बऱ्याच वेगवेगळ्या शाखा होत्या, त्या फेब्रुवारी २०२० मध्ये बंद होऊन २००-३०१ या क्रमांकाची एकच परीक्षा राहिली. दोन तासांची, संगणकावर, इंग्रजीतून. एकदा पुढच्या प्रश्नावर गेले की मागे फिरून उत्तर बदलता येत नाही. फी तीनशे डॉलर, म्हणजे कर धरून आपल्याकडे तीस हजारांच्या आसपास. नापास झाले तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, पण पूर्ण फी नव्याने भरून.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे आमच्या पाचही जणी इकडे वळल्या : या परीक्षेला बसायला पदवी लागत नाही. कोणते कॉलेज, कोणत्या वर्षी पास, मध्ये किती वर्षे घरी होतात, हे कोणी विचारत नाही. आमच्यातली एक तंत्रनिकेतनातून डिप्लोमा झालेली, पण लग्नानंतर नऊ वर्षे घरी. एक बारावी. एक कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करून कंटाळलेली. दोघी कॉम्प्युटर क्लासमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या.

अभ्यास अवघड आहे का? आहे. पण ज्याला बायका घाबरतील असे सगळे म्हणतात तो भाग अवघड गेला नाही. सबनेटचे गणित घ्या. १९२.१६८.१०.७०/२६ हा पत्ता कोणत्या तुकडीत पडतो, हे अर्ध्या मिनिटात सांगता यायला हवे. बत्तीसपैकी सव्वीस बिट जाळ्याला दिले, सहा उरले, म्हणजे चौसष्ट-चौसष्टचे गट. शून्य, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव. सत्तर हा चौसष्टच्या गटात. गटातला पहिला आकडा जाळ्याचा, शेवटचा सगळ्यांना हाक मारण्यासाठीचा. उरले बासष्ट, ते यंत्रांना वाटायचे. ज्या बाईने दहा वर्षे वीस जणींची भिशी एकही रुपया इकडचा तिकडे न होता चालवली, तिला हे तिसऱ्या शनिवारी तोंडपाठ होते. पुस्तकात मात्र यावर असे काही सावट धरलेले असते की आधी चार दिवस तिने पानच उलटले नव्हते.

दुसरा एक धडा सांगण्याचा मोह आवरत नाही. दोन स्विच सुरक्षिततेसाठी दोन तारांनी जोडले, की एखादा सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश त्या तारांतून गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि थोड्याच वेळात सगळे जाळे ठप्प होते. यावर उपाय काढला रेडिया पर्लमन या बाईंनी, १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना. स्पॅनिंग ट्री असे त्याचे नाव. सगळे स्विच मिळून आपल्यातला एक 'मूळ' ठरवतात, बाकीचे त्याच्याकडे जाणारी एकेक वाट ठेवतात आणि जास्तीच्या वाटा तात्पुरत्या बंद करतात. तार तुटली तर बंद वाट उघडते. सीसीएनएच्या अभ्यासक्रमात हा धडा आहेच. पण तो शिकवताना बाईंचे नाव घेणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे. (त्यांना 'इंटरनेटची आई' म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते बिरुद त्यांना स्वतःला आवडत नाही. आईपण कुठेकुठे चिकटवावे यालाही काही मर्यादा!)

मूळ स्विच कसा ठरतो? प्रत्येक स्विच कारखान्यातून एकच क्रमांक घेऊन येतो, ३२७६८. ज्याचा क्रमांक लहान तो मूळ. सगळ्यांचा सारखाच असला, तर ज्याचा कारखान्यात कोरलेला पत्ता लहान तो. आणि एकाच कंपनीच्या स्विचमध्ये लहान पत्ता बहुधा सगळ्यात जुन्या यंत्राचा असतो. म्हणजे कोणी मुद्दाम लक्ष घालून क्रमांक बदलला नाही, तर कोपऱ्यातला सर्वांत जुना, सर्वांत मंद डबा सगळ्या जाळ्याचा कर्ता होऊन बसतो. हे वाचून आमच्या खोलीत जे हसू फुटले ते थांबेना. "आमच्याकडे सासरे आहेत ना तसे," एक म्हणाली. ती आदेशाची ओळ, प्राधान्य बदलण्याची, मग कोणीच विसरले नाही.

तेव्हा अभ्यासक्रमाचे काही नाही. तयारीतला खरा घोर वेगळा आहे आणि तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात छापलेला नाही.

ही परीक्षा केंद्रावर जाऊन देता येते, तशी घरूनही देता येते. छोट्या गावात राहणारीला, लेकुरवाळीला ही केवढी सोय, असे वाटते. आता नियम वाचा. खोलीचे दार बंद हवे. चारी बाजूंचे फोटो काढून पाठवायचे. टेबल रिकामे, फोन हाताला न लागेल असा दूर. कॅमेरा सतत चालू. प्रश्न पुटपुटत वाचायचा नाही. आणि परीक्षा चालू असताना दुसरे कोणी खोलीत आले तर परीक्षा तिथेच संपते, पैसे गेले. नियम फसवणूक टाळण्यासाठी आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो परीक्षार्थी होता, त्याला स्वतःची खोली होती, आणि त्याने दार लावले तर ते लावलेलेच राहत होते.

आमच्या डिप्लोमावाल्या मैत्रिणीचे घर दोन खोल्यांचे. आतल्या खोलीत कपाट आहे, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला दिवसातून दहा वेळा आत यावे लागते. तिने काय केले, तर आठ रविवार दुपारी दोन ते चार दार लावून बसण्याचा सराव केला. अभ्यास नव्हे, नुसता दार लावण्याचा. पहिल्या रविवारी बारा मिनिटांत सासूबाई आल्या : कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या? दुसऱ्या रविवारी मुलगा, तिसऱ्या रविवारी नवरा, "फक्त टॉवेल घेतो" म्हणत. ती चिडली नाही. घड्याळात वेळ बघून वहीत लिहीत गेली : बारा मिनिटे, एकोणतीस मिनिटे, त्रेचाळीस. सातव्या रविवारी एक तास सदतीस मिनिटांवर गाडी पोचली. आठव्या रविवारी पाहुणे आले आणि दार लावणेच झाले नाही. शेवटी तिने केंद्राची तारीख घेतली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने गेली. पास झाली. पण त्या वहीतले आकडे मला तिच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलके वाटतात. नवऱ्याने काही विरोध केला नव्हता, उलट फीचे अर्धे पैसे त्यानेच दिले. विरोध न करणे आणि दाराबाहेर दोन तास थांबणे यांत किती अंतर असते, हे ती वही दाखवते.

दुसरी गोष्ट नावाची. परीक्षेसाठी नोंदवलेले नाव आणि फोटो असलेल्या सरकारी ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. पुरुषाला हा नियम वाचायला दोन सेकंद लागतात. आपल्याकडे बाईची शाळेची कागदपत्रे वडिलांच्या नावाची, लग्नानंतर काढलेले ओळखपत्र नवऱ्याच्या नावाचे, मधले नाव कुठे आहे कुठे नाही, आणि सासरी नावच बदलले असेल तर बघायलाच नको. आमच्यातल्या एकीने माहेरच्या नावाने फार पूर्वी खाते उघडले होते. परीक्षेला आठ दिवस उरले असताना सहज तपासले म्हणून कळले, आणि ते दुरुस्त करून घेण्यात अभ्यासाचे चार दिवस गेले. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही, हे आपण किती वर्षे सांगतो आहोत! १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, त्याचे आपण स्वागत केले. पण आज तिशीत असलेल्या बाईची तीन कागदांवरची तीन नावे तशीच आहेत. प्रमाणपत्राचा अभ्यास सुरू करणाऱ्या प्रत्येकीला माझा पहिला सल्ला : पुस्तक उघडण्याआधी ओळखपत्र उघडा.

तिसरी गोष्ट मुदतीची. हे प्रमाणपत्र तीन वर्षांचे. ती संपण्याआधी पुन्हा परीक्षा द्या, वरची परीक्षा द्या, किंवा नेमून दिलेले शिक्षण घेऊन तीस गुण जमवा. तंत्र बदलते, मुदत असावी हे मान्य. पण पास झाल्यावर दीड वर्षाने बाळंतपण आणि त्यानंतरचे वर्ष आले, की ही तीन वर्षे बाईसाठी तीन उरत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ती नोकरीत असलेल्यांना. प्रमाणपत्राला रजा नसते.

वेळ आणि पैसा असा दोन्हीकडून पिळला गेला की मग 'डम्प' समोर येतात. खऱ्या परीक्षेतून चोरलेले प्रश्न उत्तरांसकट विकणारे लोक शहरात आहेत, काही क्लास तर फीमध्येच देतात. "ताई, महिनाभर पाठ करा, हमखास पास." आमच्या गटात यावर भांडण झाले. एक म्हणाली, मुलगे सर्रास करतात, आपणच का शुद्ध राहायचे? पकडले गेले तर प्रमाणपत्र रद्द होते, हे कारण आहेच. मला दुसरे कारण मोठे वाटते. मुलाखतीत बाईला अधिक खोदून विचारतात. तिचे प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे पाहण्याची उत्सुकता समोरच्याला जरा जास्तच असते. तिथे पाठांतर दोन मिनिटांत उघडे पडते.

आता बैठकीतल्या आक्षेपाकडे येते. ही एका बहुराष्ट्रीय कंपनीची परीक्षा आहे, आपण तिच्यासाठी फुकट विद्यार्थी तयार करतो आहोत, हे खरे. तीस हजार फी भरू शकणारी बाई सर्वांत खालच्या थरातली नाही, हेही खरे. आणि प्रमाणपत्र हातात आले म्हणजे नोकरी मिळाली असे मुळीच नाही. आमच्यातली जी पहिली पास झाली तिला पहिल्या मुलाखतीत सांगितले, "मॅडम, यात शिडीवर चढून केबल ओढावी लागते, रात्री-बेरात्री साइटवर जावे लागते. तुम्ही हेल्पडेस्कला बसा ना." पगार निम्मा. जाळ्यांवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या केंद्रांत रात्रपाळी असतेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था हवी. मालक यातली व्यवस्था टाळतात आणि संमती तिने दिली नाही असे स्वतःच ठरवून टाकतात.

पण शिलाई मशीनशी तुलना मला पटत नाही. आपला आक्षेप मशीनला कधीच नव्हता. बाईने घरात बसून, घरकाम सांभाळून, तुकड्यावर मजुरी घ्यावी आणि ती घराबाहेर पडली असा आपण समज करून घ्यावा, याला होता. हे काम घरातून होत नाही. त्यासाठी शिडीवर चढावे लागते, कुलूपबंद सर्व्हर रूमची किल्ली मागावी लागते, चार पुरुषांना "तुमची जोडणी चुकली आहे" असे सांगावे लागते. परीक्षेत येत नसले तरी आम्ही केबलला टोक बसवायलाही शिकलो. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा त्याच क्रमाने, मग क्रिंपर दाबायचा. पहिल्या वीस टोकांपैकी तेरा फुकट गेली. चौदावे फुकट गेले तेव्हा कोणी कोणाची माफी मागितली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

सराव करण्याचे सॉफ्टवेअर, पॅकेट ट्रेसर, सिस्को फुकट देते. त्यामुळे खरी यंत्रे कशाला, असेही बैठकीत विचारले गेले. पण ते चालवायला घरातला लॅपटॉप लागतो, आणि पाचपैकी चौघींच्या घरी तो रात्री अकरानंतर मोकळा होतो. कार्यालयातला एक संगणक पाच जणींत पुरत नाही. जुन्या बाजारात जुने स्विच आणि राउटर स्वस्तात मिळतात, त्यांच्यासमोर दोघी-तिघी एकदम बसू शकतात.

तेव्हा माझी मागणी यादीतल्या ओळीपेक्षा थोडी मोठी आहे. स्विच घ्यावेतच. शिवाय मागच्या खोलीला आतून लागणारी कडी बसवावी, कारण सध्याची निसटते. आणि महिन्यातले दोन रविवार ती खोली परीक्षेसाठी राखून ठेवावी. जिला घरून परीक्षा द्यायची आहे तिने इथे येऊन द्यावी, बाहेर आपल्यापैकी एकजण स्टूल टाकून बसेल. इंटरनेटची जोडणी चांगली आहे, आमच्याच गटाने ती दुरुस्त केली. खोलीची किल्ली सध्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यांकडे असते, आणि ते शनिवारी दोन वाजता दुकान बंद करून जेवायला जातात. ज्यांना गटात यायचे आहे त्यांनी त्याआधी यावे.