गाण्यावर खुनाचा आरोप



दि. ४ सप्टेंबर २०१२ रोजी सायंकाळी अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात, एंगलवुड नावाच्या वस्तीत, सायकलवरून जाणाऱ्या एका अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर मोटारीतून गोळ्या झाडण्यात आल्या आणि तो मरण पावला. त्याचे नाव जोसेफ कोलमन. ‘लिल जोजो’ या नावाने तो ‘ड्रिल’ या प्रकारची रॅप गाणी गात असे. त्याचे नाव गाजू लागून पुरते सहा महिनेही झाले नव्हते. त्याच्या मृत्यूची वार्ता येताच पुष्कळांनी हातोहात निकाल देऊन टाकला : मुलगा आपल्याच गाण्याने मेला. हा निकाल आम्हांस मान्य नाही, आणि तुम्हीही तो मान्य करू नये, असे आमचे म्हणणे आहे.

शिकागोतील एका पोराशी आपला काय संबंध, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून, अमेरिकेतील त्यांच्या बांधवांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. तेव्हा हा संबंध आम्ही आज नव्याने जोडीत नाही. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. जुने सोडून नवे जीवन पत्करलेल्या, मुलांना शिकविणाऱ्या, घर नीटनेटके राखणाऱ्या कुटुंबास एक मोह पडत असतो. तो म्हणजे मागे राहिलेल्या वस्तीकडे बोट दाखवून ‘ती पोरे तशीच’ असे म्हणण्याचा. आजवर हेच वाक्य आपल्याविषयी कोण उच्चारीत आले, हे तुम्हांस सांगावयास नको.

प्रथम फिर्यादी पक्षाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेऊ. २०१० सालच्या सुमारास शिकागोच्या दक्षिण भागातील कोवळ्या मुलांनी हे गाणे घडविले. रस्त्यावरच्या बोलीत ‘ड्रिल’ म्हणजे हल्ला करणे, गोळी घालणे. ढोलाचा जड, भयसूचक ठेका, भावनाशून्य आवाज, आणि शब्दांत शत्रूंची नावे. ध्वनिमुद्रणाचे मोठे साहित्य नको, कंपनी नको. खोलीत दहा-बारा मुले जमवावी, कॅमेरा लावावा आणि चित्रफीत यूट्यूबवर सोडावी. जोजोने तेच केले. ब्लॅक डिसायपल्स टोळीच्या एका गटाशी नाते सांगणारा चीफ कीफ हा मुलगा तेव्हा फार गाजत होता. त्याच्या गाण्यातील गटाच्या खुणेला जोजोने एकच अक्षर जोडले : ‘के’, म्हणजे ‘किलर’, मारणारा. त्याच्या चित्रफितीत बंदुका दिसतात. शेवटच्या दिवशी विरुद्ध बाजूचा एक गायक रस्त्यात दिसला, तेव्हा जोजोने मोटारीतून त्याला आरडाओरड करून डिवचले, त्याची चित्रफीत सर्वांस दाखविली, आणि आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हेही ट्विटरवर जाहीर केले. त्याच सायंकाळी तो मारला गेला.

हे सारे आम्हांस कबूल आहे. त्या गाण्यातील शिवीगाळ आम्हांस प्रिय नाही, आणि बंदूक नाचविणाऱ्या मुलाचे कौतुक आम्ही करणार नाही. कबुली देऊनच आम्ही उलटतपासणी सुरू करतो.

ज्या रस्त्यावर हा मुलगा पडला, तो रस्ता कोणी घडविला? १९१६ ते १९७० या काळात सुमारे साठ लक्ष कृष्णवर्णीय दक्षिणेकडील राज्ये सोडून उत्तरेच्या शहरांत आले. त्यांतील फार मोठा लोंढा शिकागोत उतरला. तेथे घरमालकांनी आपसांत करारनामे करून ठेवले होते : हे घर कृष्णवर्णीयास विकू नये, भाड्याने देऊ नये. हे करार कागदावर होते, नोंदलेले होते, आणि न्यायालये त्यांची अंमलबजावणी करीत. १९३७ साली कार्ल हॅन्सबेरी या गृहस्थाने याच दक्षिण भागात असे घर घेतले, तेव्हा इलिनॉय राज्याच्या न्यायालयांनी त्याला घराबाहेर काढण्याचा निवाडा दिला. १९४० साली सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला खरा; परंतु कशावर? आधीच्या दाव्यात तो पक्षकार नव्हता, म्हणून त्या दाव्याचा निकाल त्याला बांधील नाही, एवढ्याच मुद्द्यावर. करार न्याय्य की अन्याय्य, या प्रश्नाला न्यायमूर्तींनी हातही लावला नाही. वकिलीच्या पेशात मुद्दा टाळून न्याय देण्याची ही रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे नवल वाटणार नाही. न्यायालयांनी असे करार अमलात आणू नयेत, असे ठरण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

तोवर सरकारने आपले काम उरकले होते. १९३३ नंतर संघराज्याच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात आल्या. लाल म्हणजे धोक्याच्या. तेथे कर्ज मिळणे दुरापास्त झाले. बँक दारात उभी करीना, म्हणून माणसे सावकारी कराराने घरे घेऊ लागली. दामदुप्पट किंमत आणि मासिक हप्ता. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले सर्व पैसेही गेले. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत हाती पडत नसे. अशा कराराला खरेदी म्हणणे ही भाषेचीच विटंबना होय. घरविक्रीतील वर्णभेदास बंदी करणारा कायदा १९६८ साली, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात झाला. त्याआधी दोनच वर्षे, १९६६ च्या ऑगस्टमध्ये, याच हक्कासाठी शिकागोत मोर्चा नेताना त्यांच्या डोक्यावर दगड बसला होता.

गोरे निघून गेले, कारखाने निघून गेले. एंगलवुडमध्ये १९६० साली सुमारे ९७,००० माणसे राहत. २०१० साली सुमारे ३०,००० उरली. जोजो जन्मला १९९४ साली. ज्या रस्त्यावर त्याचे प्राण गेले, तो त्याने रंगविलेला नव्हता.

येथे कोणी म्हणेल : अशा वस्तीतील सर्वच मुले बंदूक धरीत नाहीत, मग वस्तीला दोष कशासाठी? बरोबर आहे. बहुसंख्य मुले धरीत नाहीत. ज्याने गोळी झाडली तो दोषी आहे, आणि त्याला न्यायासनापुढे उभे करा, हीच आमची पहिली मागणी आहे. परंतु तेच तर झाले नाही! भांडण सर्वांदेखत झालेले, चेहरे चित्रफितीत दिसणारे, शब्द वेळेसह नोंदलेले. तरीही या खुनासाठी कोणासही शिक्षा झालेली नाही. त्या वर्षी शिकागोत पाचशेहून अधिक खून झाले आणि त्यांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक खुनांचा वर्षअखेर उलगडा झाला नव्हता. जेथे खुनी पकडला जाण्याची अपेक्षाच उरत नाही, तेथे संरक्षणाची जागा टोळी घेते. आणि पोरसवदा मुले सूड हाच कायदा समजू लागतात.

आता बाजाराकडे वळू. त्याच २०१२ साली इंटरस्कोप या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीने चीफ कीफशी करार केला. जोजोच्या मृत्यूनंतर कीफच्या ट्विटर खात्यावरून त्या मृत्यूची थट्टा करण्यात आली. खाते दुसऱ्याने वापरले, असे कीफने सांगितले. एवढे होऊनही डिसेंबरमध्ये कंपनीने त्याचा संग्रह बाजारात आणला. मृताच्या गाण्याचे प्रेक्षकही लाखोंनी वाढले. पिचफोर्क या संगीतविषयक प्रकाशनाने तर त्याच उन्हाळ्यात कीफची मुलाखत बंदुकीच्या नेमबाजीच्या मैदानावर नेऊन चित्रित केली. मुलगा सोळा वर्षांचा, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात न्यायालयाच्या देखरेखीखाली असलेला! पुढे प्रकाशनाने चित्रफीत काढून घेतली व खेद व्यक्त केला. जानेवारी २०१३ मध्ये त्याच प्रसंगावरून देखरेखीच्या अटी मोडल्या म्हणून मुलाला साठ दिवस बालबंदीगृहात धाडण्यात आले. कल्पना मोठ्यांची, कॅमेरा मोठ्यांचा. शिक्षा मात्र मुलास. त्या न्यायाधीशाने कायद्याचे शब्द पाळले, हे आम्ही नाकारीत नाही. मोठ्यांच्या बाबतीत कायद्यालाच शब्द सुचू नयेत, हे आम्हांस खुपते.

आणि जे गाणे जोजोच्या खुन्यापर्यंत पोहोचविण्यास उपयोगी पडले नाही, तशीच गाणी इतर मुलांना तुरुंगात धाडण्यास उपयोगी पडतात. न्यू जर्सी राज्यातील एका खटल्यात आरोपीने पूर्वी लिहिलेली रॅपची पानेच्या पाने पंचांसमोर वाचण्यात आली. गुन्ह्याशी त्यांचा थेट संबंध नव्हता. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्दच ठरविली. कादंबरीकाराच्या खुनी पात्रावरून कादंबरीकाराला कोणी फाशी देत नाही, हे समजण्यास राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले! कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा करून अशा पुराव्यावर बंधने घातली. तरीही २०२३ साली जॉर्जिया राज्यात यंग थग या गायकाच्या खटल्यात न्यायाधीशाने गाण्याच्या ओळी पुराव्यात येऊ दिल्या.

तुम्ही म्हणाल, मग अशी गाणी आमच्या मुलांनी ऐकावी काय? तो निर्णय तुमचा. आम्ही आमच्या मुलांना त्यापासून दूरच ठेवू. परंतु गाणे आवडत नाही, एवढ्यावरून गाणाऱ्याच्या खुनाचा निकाल लावू नका. तुमच्या घरी कोणी त्या बातमीकडे पाहून ‘पेरले तसे उगवले’ म्हणाला, तर त्याला विचारा, नकाशा कोणी रंगविला, करार कोणी नोंदविला आणि कॅमेरा कोणाचा होता. जोसेफ कोलमन आज असता तर तिशी ओलांडून गेला असता. शिकागो पोलिसांच्या दप्तरी त्याच्या खुनाची फाइल अजून मिटलेली नाही.