विराटाघरची बृहन्नडा

आज खंडेनवमी. शेतकऱ्याच्या ओसरीवर नांगराचा फाळ, विळा, कोयता धुऊनपुसून मांडले जातील. सुताराचा रंधा आणि लोहाराचा घण गंधाक्षतांचे मानकरी होतील. कारखान्यांतील लेथवर झेंडूच्या माळा चढतील आणि पेढे वाटून दुपारीच सुटी होईल. हत्याराची इतक्या भक्तिभावाने पूजा करणारे आपण ते चालविणाऱ्या हाताची ओळख कितपत ठेवतो, असा प्रश्न आम्हांस या दिवशी पडल्यावाचून राहत नाही. यंत्र केव्हा घेतले, त्याची किंमत किती, त्याचा कोणता भाग कधी बदलला, हे मालकास मुखोद्गत असते. त्याच यंत्रापाशी वीस वर्षे उभा असलेला माणूस उत्तम पखवाज वाजवितो, किंवा बिघडलेली पेटी दुरुस्त करतो, हे मात्र त्याच्या कानीही नसते.

उद्या विजयादशमीस शमीची कथा घरोघरी सांगितली जाईल. अज्ञातवासात शिरताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवली, एवढे लहान मुलेही जाणतात. पण शस्त्रे ठेवून ते गेले कोठे? चाकरीस! विराटपर्व म्हणजे एका धन्याची आणि त्याच्या सहा नोकरांची हकीगत आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. धर्मराज कंक होऊन राजाशी द्यूत खेळू लागला, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात शिरला, नकुलाने घोडे व सहदेवाने गाई सांभाळल्या, द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णेची वेणीफणी करू लागली. आणि गांडीवधारी अर्जुन बृहन्नडेच्या वेषात राजकन्या उत्तरेस नृत्यगायन शिकवू लागला. ही विद्या त्याने इंद्रलोकी चित्रसेन गंधर्वापासून केवळ शिकावयाची म्हणून घेतली होती; रणांगणावर तिचा काडीइतका उपयोग नव्हता. तीच त्याच्या एका वर्षाची भाकर झाली.

धनी या नात्याने विराटाकडे पाहिले तर तो वाईट नव्हता, आणि पुरता चांगलाही नव्हता. बल्लवाच्या अंगी मल्लविद्या आहे हे त्यास कळले. जीमूत नावाच्या मल्लास त्याने लोळविले, तेव्हा राजाने त्यास धनही दिले. इथवर ठीक. पुढे मात्र अंतःपुरातील स्त्रियांच्या करमणुकीसाठी त्याच बल्लवास वाघसिंहांशी झुंजविण्याचा राजाला छंद लागला, आणि ते पाहताना द्रौपदीच्या जिवाचे पाणी पाणी होई. गुण दिसला की तो फुकटात राबवून घ्यावयाचा, ही खोड विराटाबरोबर संपलेली नाही. कचेरीतील एखाद्या कारकुनाचे अक्षर मोत्यासारखे आहे असे कळताच साहेबांच्या घरच्या लग्नाची पाकिटे त्याच्यापुढे येऊन पडतात. एखादी मुलगी रांगोळी सुबक काढते म्हणताच वर्षाचे बारा समारंभ तिच्या कपाळी येतात, तेही कामाची वेळ संपल्यावर. शहाणी माणसे मग आपला गुण घरीच ठेवून येतात. नोकरवर्ग हातचे राखून वागतो अशी तक्रार करणाऱ्यांनी हे राखणे कोठून आले याचाही विचार करावा.

कथेतील खरी मौज पुढे आहे. सुशर्म्याने गाई वळविल्या, तेव्हा कंक, बल्लव आदी चौघे युद्ध करू शकतील हे विराटाने स्वतः ओळखले आणि त्यांना रथ व चिलखते देवविली. धन्याची ही दृष्टी वाखाणण्याजोगी होती. पण नृत्य शिकविणारी बृहन्नडा त्याच्या हिशेबात आली नाही. दुसऱ्या बाजूने कौरव चालून आले, राजपुत्र उत्तरास सारथी मिळेना, त्या वेळी बृहन्नडेचे नाव सुचविले ते सैरंध्रीने. कोणाच्या अंगी काय आहे हे धन्याआधी बरोबरीच्या चाकरांस ठाऊक असते! विजयाची वार्ता आल्यावर राजा पुत्राचे गोडवे गाऊ लागला. बृहन्नडा सारथी असता जय ठरलेलाच, असे कंकाने म्हणताच राजाने हातातील फासा त्याच्या तोंडावर फेकून मारला. रक्त आले. ते भूमीवर पडू नये म्हणून सैरंध्रीने पात्र धरले. श्रेय ज्याचे त्यास द्यावे, एवढेच कंक म्हणाला होता.

आपल्याकडे निराळे वागलेले कारखानदारही झाले. औंध संस्थानात माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः मुंबईस चित्रकला शिकावयास गेलेले. शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले पुतणे. नांगर करणाऱ्या कारखान्यात चित्रकाराचे काय काम, असे कोणी विचारले असते तर त्यास दोष देता आला नसता. पण त्यांच्या लेखणी-कुंचल्यास तेथे वाव मिळाला. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आले. दोन पिढ्यांच्या मराठी घरांनी ही मासिके वाचली. शंकरराव घरचेच होते, हे आम्ही विसरत नाही. साच्यावर काम करणाऱ्या परक्या माणसास तितकी मोकळीक मिळणे अवघडच. म्हणूनच ती मुद्दाम द्यावी लागते.

ती कशी द्यावी, याला फार मोठा खर्च नाही. आठवड्यातला एक तास कामाच्याच वेळात, पगार न कापता, ज्याला जे येते ते इतरांस शिकविण्यासाठी मोकळा ठेवावा. कोणी पेटी शिकवील, कोणी शिवण, कोणी मोडी वाचावयास शिकवील. त्याचा कारखान्यास उपयोग काय, हे विचारू नये. उत्तरेच्या नृत्याचा मत्स्यदेशाच्या गोधनाशी तरी काय संबंध होता? ज्याची इच्छा नाही त्यास आग्रह नको, न शिकविल्याबद्दल कोणाच्या बढतीवर काट मारणे नको. आणि त्या गुणापासून धंद्यास चार पैसे मिळू लागले, तर त्यात त्या माणसाचा वाटा असावा व नाव त्याचेच लागावे.

आज यंत्राच्या पूजेस मालक येतील, नारळ फोडतील. मखर कोणी सजविले, यंत्रावरचे स्वस्तिक इतके रेखीव कोणी काढले, आरतीला खड्या सुरात सुरुवात कोणी केली, एवढे त्यांनी विचारावे. फोरमनला कदाचित सांगता यायचे नाही. शेजारच्या यंत्रावरचा माणूस लगेच सांगेल.