बगरूच्या थानावरील कर

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर गेले म्हणजे बगरू लागते. तेथील छिपा मोहल्ल्यात कापडाचे थान प्रथम हिरड्याच्या पाण्यातून पिवळसर होऊन निघते. मग लोखंडाच्या भंगारात गूळ कुजवून सिद्ध केलेली काळी स्याही आणि तुरटीच्या योगाने तांबडा रंग धरणारा बेगर यांचे ठसे त्यावर उठतात. आणि जेथे रंग चढू द्यावयाचा नसेल तेथे काळी माती, चुना, डिंक व किडक्या गव्हाचे पीठ यांचा दाबू थापून वर लाकडाचा भुसा भुरभुरवितात. येथील पुष्कळ छिपे, म्हणजे छपाईचे कारागीर, व्यापाऱ्याचे कापड मजुरीने छापून देतात.

१७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौ येथे वस्तू व सेवा कर परिषदेने वस्त्रोद्योगातील उलटी करश्रेणी दुरुस्त करण्याचे ठरविले, आणि नोव्हेंबरातील अधिसूचनांन्वये १ जानेवारी २०२२ पासून कापडावरील, तसेच रंगाई-छपाईच्या मजुरीवरील कर ५ टक्क्यांवरून १२ टक्के व्हावयाचा होता. मूळ दोष काल्पनिक नव्हता. कृत्रिम तंतूवर १८, त्याच्या सुतावर १२ आणि विणलेल्या कापडावर ५ टक्के, अशी ती उतरंड असल्यामुळे १०० रुपयांचे सूत घेताना १२ रुपये कर भरणारा विणकर १४० रुपयांचे कापड विकताना गिऱ्हाइकाकडून ७ रुपयेच वसूल करी, आणि उरलेल्या ५ रुपयांसाठी त्यास परताव्याच्या अर्जांमागे धावावे लागे. एवढे सांगावयास कोणाही मंत्र्यास दोन मिनिटे पुरली असती. परंतु सुती मालाच्या बाबतीत कापूस, सूत व कापड या तिन्ही पायऱ्यांवर दर ५ टक्केच असताना, म्हणजे दुरुस्त करावयाजोगे काही नसताना, बगरूच्या थानाने ही दुरुस्ती का सोसावी, हा प्रश्न उरतोच. एकच दर असला म्हणजे वर्गीकरणाचे तंटे मिटतात, हे त्यावरील उत्तर दफ्तरात बसणाऱ्याचे समाधान करील, छिप्याचे नव्हे.

पुढाऱ्यांची अडचण मी जाणतो. खरा खुलासा करावयाचा तर कोणाच्या खिशातून किती जाणार, हे उघड बोलावे लागते, आणि ते बोलणे निवडणुकीत महाग पडते. त्यातून परिषदेची रचनाच अशी, की केंद्राच्या मताला एकतृतीयांश व सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोनतृतीयांश वजन, आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत. त्यामुळे दर उतरला तर श्रेय घ्यावयास सगळे पुढे, आणि चढला तर निर्णय ‘परिषदेचा’. डिसेंबर अखेरीस गुजरात, राजस्थान, तमिळनाडू, पश्चिम बंगाल व दिल्ली यांनी विरोध नोंदविला, अंमलबजावणीस अवघा एक दिवस उरला असता ३१ डिसेंबरला निर्मला सीतारामन यांच्या अध्यक्षतेखाली परिषदेने कापडाचा निर्णय तहकूब केला, आणि लखनौस हेच राज्यांचे मंत्री काय समजून बसले होते, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

किचकट कायदा सामान्यांच्या गळी उतरविता येत नाही, ही सबब महाराष्ट्राने तरी मान्य करू नये. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रेरणेने पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळ-संहितेतील तरतुदी मराठीत छापून खेडोपाडी पोहोचविल्या; पीक किती आणे आले असता सारातहकुबी मागता येते, कामाची मागणी कोणापाशी करावयाची, हे निरक्षर कुणब्यालाही कळू लागले. ते इतके नीट कळले, की १८९७ मध्ये मुंबई सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. त्या संहितेपेक्षा आजचा करकायदा दुर्बोध आहे असे मला वाटत नाही; उणीव आहे ती कायद्याची पोथी बाजूला सारून एका थानाचा प्रवास प्रथम स्वतः समजून घेणाऱ्या मंत्र्याची. रंगद्रव्यांवर १८ टक्के कर भरणारा, परंतु उलाढाल अल्प म्हणून नोंदणी नसलेला छापणारा तो कर वळता करून घेऊ शकत नाही, सबब तो त्याच्याच मजुरीत मुरतो. ही साधी गोष्ट कोणत्या प्रचारसभेत कोणी ऐकली आहे?

यथावकाश ती उतरंड दुसऱ्या टोकाने मोडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम तंतू व सूत दोन्ही ५ टक्क्यांवर आली, म्हणजे कापडाचा दर न चढविताही दोष निघू शकत होता. मग चार वर्षांपूर्वी हा मार्ग का नाकारला, त्यात महसुलाची किती तूट धरली होती, याचा हिशेब संबंधितांनी जाहीरपणे मांडावयास हवा होता. सवलतीच्या जाहिरातींना मात्र तोटा नव्हता. त्याच फेरबदलात २५०० रुपयांपर्यंतच्या शिवलेल्या कपड्यावर ५ आणि त्यावरील कपड्यावर १२ ऐवजी १८ टक्के कर ठरला. बगरूचे छापील थान ५ टक्क्यांतच राहिले, पण त्याच थानाचा अंगरखा शिवून २६०० रुपयांना विकावयाचा म्हटले तर त्यावर १८ टक्के. याचे कारण जयपूरच्या दुकानदारालाही अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.