बर्फातलं निवृत्तीचं घर : खुलताबादचा सातबारा हिमाचलमध्ये चालतो का?

मोबाइलवर एक रील सारखं फिरत असतं. देवदारांची रांग, उतारावर लाकडी घर, छपरावर बर्फाचा जाड थर, व्हरांड्यात वाफाळता चहा. खाली ओळ : 'रिटायरमेंटसाठी परफेक्ट, फक्त इतक्या लाखांत.' मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा हे रील फॅमिली ग्रुपवर हमखास येतं. खाली कमेंट्सही ठरलेल्या : 'चला, जाऊ या का?'

समजा, खुलताबाद तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी यंदा निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी हातात आली, भविष्य निर्वाह निधीचे पैसे आले. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूत. गुरुजी आणि बाई दोन वर्षांपूर्वी सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला आणि तिथून मनालीला जाऊन आले होते. ते आठ दिवस दोघांच्याही मनातून गेलेले नाहीत. शिवाय वडिलोपार्जित तीन एकर शेती आहे, म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे. मग जमीन घ्यायला अडचण काय?

अडचण सातबाऱ्यापासूनच सुरू होते.

हिमाचलमध्ये 'शेतकरी' कोण?

हिमाचल प्रदेशात १९७२ चा कूळवहिवाट आणि जमीन सुधारणा कायदा आहे. त्यातलं कलम ११८ म्हणजे तिथल्या राजकारणातला सर्वांत नाजूक विषय. या कलमानुसार, जो 'शेतकरी' नाही त्याच्या नावावर राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन होऊ शकत नाही. आता या कायद्यातला शेतकरी म्हणजे हिमाचल प्रदेशातली जमीन स्वतः कसणारा माणूस. खुलताबादची तीन एकर, त्यातली मोसंबी, मका, कापूस यांचा तिथे काहीही उपयोग नाही. हिमाचलच्या लेखी गुरुजी बिगरशेतकरीच.

महाराष्ट्रातही बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, त्यामुळे ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. फरक असा, की हिमाचलचं बंधन शेतापुरतं थांबत नाही. शहरातला घराचा प्लॉट किंवा बांधलेलं घर घ्यायलाही सरकारी परवानगी लागते. विक्रीच नव्हे, तर बक्षीसपत्र, मृत्युपत्र, ताबेगहाण आणि भाडेपट्टाही या कलमात धरला आहे. त्यामुळे '९९ वर्षांच्या लीजवर घ्या, काही होत नाही' असं सांगणारा एजंट भेटला, तर तो कायदा सांगत नसून गिऱ्हाईक गाठत आहे, असं समजावं.

परवानगी मिळाली तरी घरासाठी मर्यादा ५०० चौरस मीटरची, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबात साधारण पाच गुंठे. ज्या कामासाठी जमीन घेतली ते काम ठरावीक मुदतीत करावं लागतं. नाही झालं, तर जमीन सरकारजमा होऊ शकते. बिगरशेतकऱ्यासाठी तुलनेने सरळ वाट एकच आहे : राज्याच्या गृहनिर्माण मंडळासारख्या सरकारी संस्थेने बांधलेला फ्लॅट किंवा घर.

हे कलम आलं ते हिमाचलचे पहिले मुख्यमंत्री यशवंतसिंह परमार यांच्या काळात. डोंगरात कसण्याजोगी जमीन मुळातच थोडी आणि एकेकाच्या वाट्याला येणारे तुकडे लहान. मैदानातला पैसा वर आला, तर दोन पिढ्यांत पहाडी माणूस स्वतःच्याच गावात राखणदार होईल, ही भीती त्यामागे होती. लोणावळा, पाचगणी, अलिबाग या भागांत काय झालं ते पाहिलेल्या मराठी माणसाला ही भीती समजावून सांगायची गरज नाही. मात्र याच कलमाचा फटका पिढ्यान्‌पिढ्या शिमल्यात दुकान चालवणाऱ्या, पण शेती नसलेल्या हिमाचली कुटुंबांनाही बसतो. त्यामुळे तिथेही त्यावर भांडण आहेच.

उत्तराखंडचं दार आता किती उघडं?

हिमाचल नाही तर उत्तराखंड, हा पुढचा विचार. तिथे अनेक वर्षं नियम सैल होते, आणि फार्महाऊस, रिसॉर्टसाठी झालेल्या खरेदीवरून स्थानिकांचा राग साठत गेला. 'मूळ निवास, भू-कानून' या मागणीसाठी लोक रस्त्यावर उतरले. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये विधानसभेने नवा दुरुस्ती कायदा मंजूर केला. त्यानुसार हरिद्वार आणि उधमसिंह नगर हे दोन जिल्हे सोडून उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्या माणसाला शेतीची आणि फळबागेची जमीन घेता येत नाही. बर्फ पडतो ते सगळे जिल्हे या ११ मध्येच आहेत.

घरासाठी सवलत आहे. नगरपालिका हद्दीबाहेर एका कुटुंबाला एकदाच, २५० चौरस मीटरपर्यंत. म्हणजे जेमतेम अडीच गुंठे. पूर्वी नवऱ्याच्या नावावर २५०, बायकोच्या नावावर २५०, मुलाच्या नावावर आणखी २५० असा खेळ चालायचा. आता प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि ते खोटं निघालं तर जमीन जाऊ शकते. नगरपालिकेच्या हद्दीत ही मर्यादा नाही. मसुरी, नैनितालमध्ये म्हणूनच खरेदी शक्य आहे, पण तिथले भाव गुरुजींच्या ग्रॅच्युइटीकडे बघून ठरत नाहीत.

एक बारीक गोष्ट. पहाडातल्या जाहिरातीत जमीन 'नाली'त मोजलेली असते. एक नाली म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर, आपले दोन गुंठे. 'पाच नाली स्वस्तात' असं वाचलं, की ते सुमारे दहा गुंठे, म्हणजे २५० चौरस मीटरच्या चौपट आहे, हे आधी लक्षात घ्यावं.

जम्मू-काश्मीरमध्ये कलम ३७० गेल्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये जमिनीचे कायदे बदलले. बिगरशेती जमीन बाहेरच्यांना घेता येऊ लागली, शेतजमिनीवरची बंधनं राहिली. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच बडगाम जिल्ह्यात 'महाराष्ट्र भवना'साठी अडीच एकर जागा घेण्याचा निर्णय घेतला, त्याची बातमी झाली होती. पण सरकारने पर्यटकांसाठी भवन बांधणं आणि साठीतल्या जोडप्याने तिथे एकटं राहणं यांत फार अंतर आहे. सिक्कीम आणि अरुणाचलचा विचार बाहेरच्याने जमिनीसाठी न केलेलाच बरा.

उरतो तो शेवटचा सल्ला, जो प्रत्येक टॅक्सीवाल्याकडे तयार असतो : 'लोकल माणसाच्या नावावर घ्या, पैसे तुमचे.' हा बेनामी व्यवहार आहे. कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय उद्या तो माणूस किंवा त्याची मुलं 'घर आमचं' म्हणाली, तर गुरुजी कोर्टात कुठल्या कागदावर उभे राहणार?

देवही हिवाळ्यात खाली उतरतो

कायद्याचं सगळं जमलं असं धरू. तरी जानेवारी उरतोच.

चारधाम करून आलेल्यांना हे ठाऊक आहे. केदारनाथचे दरवाजे दिवाळीच्या सुमारास बंद होतात आणि उत्सवमूर्ती उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. बद्रीनाथची हिवाळी पूजा पांडुकेश्वर आणि जोशीमठला होते. बद्रीनाथच्या पुढचं माणा गाव हिवाळ्यात जवळपास रिकामं होतं, लोक खालच्या गावांत उतरतात. इंग्रजांनी १८६४ पासून शिमल्याला उन्हाळी राजधानी केलं, पण थंडी सुरू झाली की त्यांचा कारभार खाली यायचा. जम्मू-काश्मीरचं सचिवालय डोगरा राजांच्या काळापासून हिवाळ्यात श्रीनगरहून जम्मूला हलत आलं. ज्यांचा जन्म बर्फात गेला, त्यांनी बर्फातून उतरण्याची सोय आधी केली. रीलमध्ये हा भाग नसतो.

बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं, तेही नसतं. पाइपातलं पाणी गोठतं. वीज जाते, आणि हीटर विजेवरच असतो. रस्त्यावरचा बर्फ दबून त्याची काच होते, आणि साठीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला एक पाऊल पुरतं. पहाडातली घरं बहुधा रस्त्याच्या वर किंवा खाली असतात, दारापर्यंत गाडी जात नाही. गुडघ्यांसाठी याहून वाईट पत्ता शोधून सापडणार नाही.

उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर जाणवू लागतो. शिमला, मनाली, मसुरी त्याखाली आहेत, साडेतीन हजार मीटरवरचं लेह बरंच वर. त्यामुळे पहिल्या तिघांत श्वासाची अडचण सहसा येत नाही. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि हृदयविकार असणाऱ्याला हिवाळा सगळीकडेच जड जातो. खुलताबादहून छातीत दुखणारा माणूस घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, तासाभरात पोहोचू शकतो. हिमाचलमध्ये बिलासपूरचं एम्स २०२२ पासून आहे, शिमल्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे, उत्तराखंडला ऋषिकेशचं एम्स आहे. प्रश्न रुग्णालय आहे का हा नाही, त्या रात्री रस्ता उघडा आहे का हा आहे.

या प्रश्नाचं उत्तर स्थानिकांनी आपल्या पायांनी दिलं आहे. उत्तराखंड सरकारच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये सांगितलं, की २०११ नंतर राज्यातली ७३४ गावं पूर्ण ओस पडली. कारणं रोजगार, शाळा, दवाखाना. जिथून तरुण माणूस डॉक्टरसाठी खाली उतरतो, तिथे म्हातारपण काढायला वर चढायचं, हे गणित एकदा कागदावर मांडून पाहायला हवं.

आणि डोंगर स्वतः स्थिर नाही. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचलं, आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. त्याच वर्षी जुलैत बियास नदीने कुल्लू-मनालीचा रस्ता जागोजागी तोडला. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशीतल्या धरालीवर चिखल-दगडांचा लोंढा आला, त्यात महाराष्ट्रातले पर्यटकही अडकले होते. त्याच्या आठवडाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने, असंच चालू राहिलं तर हिमाचल नकाशावरून नाहीसं होईल, अशा अर्थाची टिप्पणी केली होती. संपूर्ण हिमालय तीव्र भूकंपाच्या पट्ट्यात आहे, हे वेगळंच.

मग गुरुजींनी काय करावं?

निवृत्तीचा पैसा एकदाच येतो. तो अशा जमिनीत घालणं, जी विकताना पुढच्या गिऱ्हाइकालाही परवानगी काढावी लागेल, हा व्यवहार म्हणून वाईट आहे. भाड्याचं घर मात्र कुठेही घेता येतं, त्यासाठी पोलिस पडताळणी करून घ्यावी लागते इतकंच. एप्रिल ते जून वर, पावसाळ्याआधी परत, हवं तर ऑक्टोबरात पुन्हा महिनाभर. इंग्रज साहेब निम्म्याहून जास्त वर्ष जसं राहायचे, त्याहून हे स्वस्त.

खुलताबादचं घर विकू नये, हे तर पहिलंच. पेन्शनचं गाव बदलता येतं, हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून कुठूनही देता येतो. ७० वर्षांवरच्यांना २०२४ पासून मिळणारं पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड देशभर चालतं, फक्त जवळ योजनेतलं रुग्णालय हवं. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा महाराष्ट्राबाहेर उपयोग जवळपास नाही. ७५ वर्षांवरच्यांचा एसटीचा मोफत प्रवासही हिमाचलच्या बसमध्ये चालत नाही.

थंड हवाच हवी असेल, तर खुलताबादहून सुमारे १२ किलोमीटरवर म्हैसमाळ आहे. उंची साधारण १,०६७ मीटर, पावसाळ्यात धुकं, गिरिजामातेचं मंदिर. मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात, त्यात थोडी माया आहे, पण मे महिन्यात शहराहून बरं वाटतं हे खरं. तिथेही प्लॉटच्या जाहिराती आहेत. एनए झालेला आहे का, वनखात्याची हद्द कुठे येते, हे तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये विचारूनच बयाणा द्यावा. खुद्द खुलताबादेत संरक्षित स्मारकं आहेत, आणि केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, पुढचे २०० मीटर परवानगीचे.

एवढं करूनही मनालीच हवी असेल, तर घर बघायला मे महिन्यात जाऊ नये. पंधरा जानेवारीला जावं, महिनाभर राहावं, आणि घरमालकाला तीन गोष्टी विचाराव्यात : पाण्याचा पाइप कुठून येतो, दारापुढचा बर्फ कोण काढतं, आणि रात्री दोन वाजता गाडी लागली तर कोणाला फोन करायचा.