मोरचुदाचा हिशेब

मोरचूद हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतातल्या 'तुत्था'चा हिंदीने थोथा केला, त्याला रंग चिकटवला आणि नीलाथोथा म्हणून मोकळी झाली. मराठीने मात्र त्या निळाईकडे एकवार पाहिले आणि थेट मोरच आणून बसवला! मराठीच्या मास्तराने खरे तर इथेच थांबावे. पण फराळानंतर डाळिंब सोलायला घेतले की गाडी शब्दावरून पदार्थावर घसरते.

आमच्या मुलखाला फळांचे वेड जुने. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा इथे द्राक्षे-डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, याची त्याने आवर्जून नोंद केली. आज छत्रपती संभाजीनगरातून पैठणच्या वाटेला लागा. मोसंबीच्या झाडांनी निळसर पांढरे पायमोजे घातलेले दिसतील. ती बोर्डोपेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना. डिंक्या रोगावर खोडाला लावतात. हेच मिश्रण पातळ करून डाळिंबावर फवारतात, तेल्यासाठी. तेल्या मोठा दुष्ट. फळावर तेलकट काळे डाग, मग तडे, आणि वर्षाची मेहनत उकिरड्यावर. तेव्हा बागाईतदाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

या औषधाचा जन्मही गमतीचा. फ्रान्सात बोर्डोजवळचे मळेवाले वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले की नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचल्या. १८८५ साली त्याने हे जाहीर केले. चोरासाठी घेतलेले सोंग असे औषध ठरले!

आता थोडे गणित. माझा विषय नसला तरी एवढे जमते. एक टक्का मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, आणि त्यात पाव किलो तांबे. एकराला चारशे लिटर लागले तर एका फवारणीत एक किलो तांबे बागेत गेले. अशा वर्षाला चार फवारण्या धरा. सात वर्षांत अठ्ठावीस किलो. युरोपात २०१९ पासून सात वर्षांची मर्यादा २८ किलोच आहे, पण ती हेक्टरी. म्हणजे अडीच एकरांना मिळून! तिथल्या द्राक्षबागांच्या मातीत किलोमागे सरासरी ४९ मिलिग्रॅम तांबे सापडले. साऱ्या जमिनींची सरासरी १७.

इतर औषधे आज ना उद्या विरतात. तांबे धातू, ते कुजत नाही, उडून जात नाही. आमची चुनखडीची काळी माती त्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून फळात ते फारसे चढत नाही. पण वरच्या थरात साठत जाते आणि गांडुळांच्या मुळावर येते. स्फुरदाच्या खतातून येणारे कॅडमियम त्याहून चपळ. प्रमाण अल्प, पण पिकात लवकर शिरते, फळांपेक्षा पालेभाज्यांत अधिक.

"म्हणजे डाळिंब खायचं नाही का?" सौभाग्यवतींनी विचारले.

"खायचं. आधी धुवायचं, मग सोलायचं. मात्र खोकल्यासाठी साली वाळवताय, त्या नकोत. फवाऱ्याचा राप सालीवरच बसतो."

साली गेल्या, पण खरेदीची रीत काही बदलली नाही. शहागंजात आम्ही मंडळी एकेक फळ उलटसुलट करतो आणि एवढासा डाग दिसला की परत पाटीत टाकतो. व्यापाऱ्यालाही मग निर्डाग माल हवा, आणि बागाईतदार आणखी एक फवारा मारतो. डोंगरातल्या सीताफळाकडून असल्या गोऱ्यागोमट्या रूपाची अपेक्षा कोणी करीत नाही. ते बिचारे सुखी आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा डाळिंबवाल्यांच्या घरचा. घरची मृदा आरोग्य पत्रिका त्याने मला दाखवली. २०१५ पासून सरकार ही पत्रिका देते. तीत तांब्याचा रकाना आहे. पण तो पिकाला तांबे कमी पडते का, एवढेच पाहतो. दशलक्षात ०.२ भागांखाली गेले की कमतरता. कॅडमियमला तर रकानाच नाही. या घरच्या पत्रिकेत तांब्यापुढे 'पुरेसे' असे लिहिले होते.

"सर, पुरेसे म्हणजे किती झाले?" त्याने विचारले. दिवाळीची सुट्टी संपण्याआधी तो मातीची पिशवी घेऊन परभणीच्या कृषी विद्यापीठात जाणार आहे.