पेंड मोजून घाला : दूध उत्पादक सभासदांना जाहीर आवाहन



दूध जरा कमी आलं की आपला उपाय ठरलेला असतो : पेंड वाढवायची. सरकी आहेच, वर ओंजळभर शेंगदाणा पेंड. धार वाढल्यासारखी वाटते, मग तेच प्रमाण कायम होतं आणि पेंडीचे पैसे दुधाच्या पगारातून वळते होतात. हे आवाहन त्या वरच्या ओंजळीबद्दल आहे.

पेंडीतून आपण विकत घेतो ती प्रथिनं, आणि प्रथिनांत साधारण 16 टक्के नत्र असतं. गाय जेवढं नत्र खाते, त्यातला जेमतेम पाव हिस्सा दुधात उतरतो. बाकीचं शेण-मुतावाटे बाहेर पडतं. गरज भागल्यावर वर घातलेलं तर बहुतेक मुतातच जातं, कारण जनावराला प्रथिनं चरबीसारखी साठवता येत नाहीत. कोठीपोटात त्यांचा अमोनिया होतो आणि यकृत त्याचा युरिया करून बाहेर टाकतं. या कामालाही ऊर्जा लागते, म्हणजे दुधासाठी घातलेला मक्याचा भरडा तिथे खर्ची पडतो. रक्तातला युरिया फार वाढला तर गाभण राहण्यावरही परिणाम होऊ शकतो. गाय पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर डॉक्टरांना आंबोणाचं प्रमाणही सांगा.

हिशेब करून बघा. 40 टक्के प्रथिनांची शेंगदाणा पेंड रोज एक किलो जादा गेली, तर 64 ग्रॅम नत्र वाया. वर्षाचं झालं 23 किलो, म्हणजे सुमारे 50 किलो युरिया. दुकानात 45 किलोचं पोतं तीनशेच्या आत मिळतं. आपण मात्र 365 किलो पेंड विकत घेऊन तेवढा युरिया गोठ्यात तयार करतो, आणि तोही उसाला मिळत नाही.

मग जातो कुठे? मूत शेणात मिसळलं की त्यातल्या युरियाचा लगेच अमोनिया व्हायला लागतो. बंद गोठ्यात सकाळी डोळे चुरचुरतात ते त्यानेच. उकिरड्याखाली मुरलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यापुढे सर्वांत जास्त धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना, कारण त्यांचं रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट भारी आहे.

यावरून सरसकट पेंड बंद करू नका. ज्यांची जनावरं नुसत्या कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यांवर आहेत, त्यांना प्रथिनं आधीच कमी पडतात. अशी गाय दूध थोडं देते आणि ढेकरांतून मिथेन सोडतच राहते, त्यामुळे दर लिटरमागे तिचा मिथेन जास्त भरतो. तिला लसूणघास हवा, खनिज मिश्रण हवं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या आहार संतुलन कार्यक्रमात हेच दिसलं : हाताशी असलेल्या वैरणीचाच मेळ नीट घातला, तर दुधाचा खर्च उतरतो आणि लिटरमागचा मिथेनही. कुठे कमी करायचं, कुठे वाढवायचं, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून विनंती अशी. घमेल्याचा, ओंजळीचा अंदाज सोडा आणि आंबोण तराजूवर घ्या. शरीरासाठी एक ते दीड किलो आणि त्यावर लिटरमागे गाईला 400, म्हशीला 500 ग्रॅम, हे संतुलित पशुखाद्याचं सर्वसाधारण प्रमाण. भरपूर लसूणघास असेल तर त्याहून कमी भागतं. लसूणघासासोबत मका किंवा मक्याचा मुरघास द्या, म्हणजे प्रथिनांच्या जोडीला ऊर्जा मिळते. बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा. एकदम केलात तर जनावर वैरण सोडेल आणि दोष या आवाहनाला लागेल. मूत ओढ्याकडे न सोडता खड्ड्यात धरा आणि शेताला दिलंत तर तेवढा युरिया कमी टाका.

दुधातला युरिया तपासून घ्यायलाही बिचकू नका. तो दुधात नैसर्गिकरीत्या थोडा असतोच. तपासणी म्हणजे भेसळीचा संशय नव्हे. गव्हाणीत प्रथिनं जास्त जातात की कमी, ते त्यावरून समजतं. गोठ्याजवळच्या विहिरीचं पाणी मात्र प्रत्येकाने एकदा नायट्रेटसाठी तपासून घ्यावंच.

आहाराचा तक्ता करायला संकलन केंद्रावर येताना तीन गोष्टी लिहून आणा : जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, दोन्ही वेळचं दूध आणि दिवसभरात घातलेली वैरण-पेंड किलोत. आणि सभासद म्हणून पुस्तकावर नाव कुणाचंही असो, गव्हाणीत रोज ज्यांचा हात असतो त्यांनाच पाठवा. बहुतेक घरांत त्या आपल्या आया-बहिणी आहेत, आणि पेंड आणणाऱ्यांपेक्षा किती पेंड गेली हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.